लो-कार्ब आहारात अमिनो ॲसिड: आधी मीठ, मग ताट, मग डबा

भात-भाकरी कमी करून आठ दिवस होतात, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मग जिममधलं कुणीतरी सांगतं, "मसल्स जळायला लागलेत, अमिनो चालू कर." अनेकांच्या हातात अमिनोचा, म्हणजे प्रथिनं ज्या घटकांपासून बनतात त्या अमिनो ॲसिडांच्या पावडरीचा, पहिला डबा असा येतो. त्यातल्या बऱ्याच जणांना त्या वेळी मीठ कमी पडलेलं असतं. काहींना प्रथिनं खरंच कमी पडत असतात, पण ती तूट चार अंड्यांनी किंवा दीडशे ग्रॅम पनीरने भरून निघण्यासारखी असते. उरलेल्या थोड्यांना डबा उपयोगी पडतो. आपण यातले कोण, हे ठरवण्यासाठी खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. डबा शेवटी येतो, कारण त्याआधीच्या पायऱ्या स्वस्त आहेत आणि पहिली तर जिवाशी संबंधित आहे.

पायरी १: औषधांची यादी आणि रक्ताची तपासणी

आधी लो-कार्ब म्हणजे किती ते ठरवा. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं असली की त्याला साधारण लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमच्या दरम्यान आलं की तो कीटो. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत, म्हणजे ६० ग्रॅम पिठात, सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं असतात. कीटोवाल्याचा दिवसभराचा कोटा एका भाकरीतच संपत आला, हे यावरून लक्षात येईल.

शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदकं कमी करू नका, आणि त्याला पळवाट शोधू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी भाकरी सोडली आणि औषध तेवढंच ठेवलं, तर साखर एकदम खाली येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचा धोका आणखी फसवा आहे. या गोळ्यांवर असताना कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात किटोन आम्लं धोकादायक पातळीला जाऊ शकतात, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर मात्र जवळपास ठीक दिसते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी लक्षणं दिसली तर मीटरवर विसंबून घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा. बीपीच्या गोळ्यांचा डोसही पहिल्या काही आठवड्यांत कमी करावा लागू शकतो, कारण शरीरातलं पाणी आणि मीठ उतरतं.

अमिनो ॲसिडचं आणि औषधांचं भांडण वेगळं. नैराश्यावरच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या चालू असतील तर ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपी या सुट्या मिळणाऱ्या अमिनोंना हात लावू नका. त्या गोळ्या आणि ही अमिनो, दोन्हींमुळे सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढतं आणि एकत्र आल्यावर ते जिवावर बेतू शकतं. त्याच आजारासाठी एमएओआय गटातलं औषध चालू असेल तर टायरोसिनही वर्ज्य. टायरोसिनपासून शरीर थायरॉइडची संप्रेरकंही बनवतं, म्हणून थायरॉइड वाढलेल्यांनी ते घेऊ नये आणि थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. आर्जिनिन बीपी खाली आणतं, त्यामुळे हृदयाच्या नायट्रेट गोळ्यांबरोबर ते चालत नाही. पार्किन्सनसाठी लेवोडोपा घेणाऱ्यांच्या बाबतीत अमिनो ॲसिडं त्या औषधाच्याच वाटेने आतड्यातून आणि मेंदूत जातात. गर्दी झाली की औषध मागे राहतं.

तपासण्या चार पुरे: क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता), लघवीतलं अल्ब्युमिन, युरिक ॲसिड आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर). किडनी किंवा लिव्हरचा आजार असेल, गर्भारपण असेल, बाळ अंगावर पीत असेल किंवा वय १८ च्या आत असेल, तर स्वतःच्या मनाने अमिनो सुरू करायचं नाही. युरिक ॲसिड आधीच वाढलेलं असेल तर कीटोच्या पहिल्या आठवड्यांत ते आणखी चढतं आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजू शकतो.

पायरी २: पहिले दोन आठवडे मीठ आणि पाणी

कर्बोदकं कमी झाली की स्नायूंतला आणि लिव्हरमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा उतरतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यात वजनकाटा दोन-तीन किलो खाली येतो तो बहुतांशी याच पाण्यामुळे. इन्सुलिन खाली आल्यामुळे किडनी सोडियमही जास्त बाहेर टाकते. डोकं दुखणं, उठल्यावर चक्कर, गोळे, थकवा हे सगळं यातून येतं. बीसीएए (तीन अमिनोंची पावडर, पायरी ४ बघा) घातलेल्या चवदार पाण्याने थोडं बरं वाटतं, पण त्यात दोनदा फसगत असते: काही पावडरींत सोडियम घातलेलं असतं, आणि त्यासोबत अर्धा लिटर पाणी पोटात गेलेलं असतं. श्रेय मात्र अमिनोला मिळतं.

कोल्हापूरकरांना यावर वेगळं काही विकत आणायची गरज नाही. मटण शिजवताना काढलेला अळणी रस्सा घ्या. एक मोठी वाटी, त्यात पाव ते अर्धा चमचा मीठ, दिवसातून एकदा किंवा दोनदा. शाकाहारी माणसाने मीठ-जिऱ्याचं ताक घ्यावं. एका वाटी ताकात फार थोडी कर्बोदकं असतात. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे वाढीव मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. त्यांनी 'लो-सोडियम' मीठही आपणहून सुरू करू नये. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांवर असताना किंवा किडनी कमजोर असताना रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.

या रश्श्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे की हाडांचा रस म्हणजे प्रथिनांचा खजिना. हाडांतून उतरतं ते मुख्यतः जिलेटिन, म्हणजे शिजून सुटलेलं कोलॅजेन. त्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक, म्हणजे शरीर स्वतः बनवू शकत नाही असं, अमिनो ॲसिड नसतंच. मीठ-पाण्यासाठी रस्सा उत्तम, पण त्याला प्रथिनांच्या हिशोबात धरू नका. कोलॅजेनच्या महागड्या पावडरींनाही हेच लागू आहे.

दोन आठवडे मीठ-पाणी नीट घेऊन थकवा गेला, तर तुमचा डब्याचा प्रश्न इथेच मिटला.

पायरी ३: ताटातली प्रथिनं मोजा

इथे घाई करू नका, सगळा निर्णय या हिशोबावर उभा आहे.

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरवत असताना आणि व्यायाम चालू असताना १.२ ते १.६ ग्रॅम धरणं योग्य. वजन खूप जास्त असेल तर आजच्या वजनावर हिशोब न करता गाठायच्या वजनावर करा. ७० किलोच्या हिशोबाने कमीत कमी ८४ ग्रॅम.

आता आपल्याकडचा खरा घोटाळा. भाकरी आणि आमटी यांच्याकडे आपण कर्बोदकं म्हणून बघतो, पण शाकाहारी घरात प्रथिनंही तिथूनच येत असतात. एका भाकरीत सुमारे ६ ग्रॅम, आणि ३० ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वाटीभर आमटीत साडेसहा ग्रॅम. दिवसाच्या चार भाकऱ्या आणि दोन वाट्या आमटी सोडली की ३७ ग्रॅम प्रथिनं ताटातून जातात. त्या जागी काकडी, कोबी आणि तुपाचा चमचा आला, तर ती भरून निघत नाहीत. धान्यात लायसिन हे अत्यावश्यक अमिनो ॲसिड कमी, डाळीत मिथिओनिन कमी. भाकरी आणि आमटी एकमेकांची उणीव भरून काढत होत्या, आता तेही थांबतं. लो-कार्बवर केस गळायला लागले, जखम उशिरा भरायला लागली, ताकद उतरली अशी तक्रार शाकाहारी लोकांकडून येते तेव्हा आधी या ३७ ग्रॅमांचं काय झालं ते बघा.

तीन दिवस सगळं वजन करून लिहा. ढोबळ आकडे असे: एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम कच्च्या बिनहाडाच्या चिकनमध्ये २१-२२, तेवढ्याच मटणात २० च्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, १०० ग्रॅम दह्यात साडेतीन, ३० ग्रॅम सोया चंक्समध्ये साधारण १५ (कर्बोदकं १०, त्यातली ४ तंतूची), ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७, व्हेच्या (दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीच्या) एका स्कूपमध्ये बहुधा २४. मटण हाडासकट तोलून घेतलं जातं हे विसरू नका. पाव किलोतून मांस दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच निघतं, आणि ते घरात किती जणांत वाटलं तेही बघा.

मांसाहारी माणूस सकाळी तीन अंडी, दुपारी १५० ग्रॅम चिकन, रात्री १५० ग्रॅम सुकं मटण यावर ८० च्या आसपास, म्हणजे ८४ च्या जवळ जातो. त्याला अमिनोचा डबा लागत नाही. शाकाहारी माणसाचं १५० ग्रॅम पनीर, २०० ग्रॅम दही, ३० ग्रॅम सोया, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि व्हेचा एक स्कूप इतकं मिळून ८० होतं, म्हणजे तेही ८४ च्या जवळ. यातला व्हे काढला तर अठ्ठावीसेक ग्रॅमची तूट राहते, आणि ती सुट्या अमिनो पावडरीने भरायची नसते. व्हेमध्येच नऊही अत्यावश्यक अमिनो ॲसिडं असतात आणि ग्रॅममागे ती स्वस्त पडतात.

दुधाबद्दल विचारणा नेहमी होते, विशेषतः कोल्हापुरातल्या गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध पिण्याची सवय असलेल्यांकडून. २५० मिलीच्या पेल्यात नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं आणि बारा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. दिवसाला १०० ग्रॅम कर्बोदकांचं लो-कार्ब असेल तर हा पेला आरामात बसतो. कीटोत तो जड जातो. गूळ घालून घेतलं तर दर १० ग्रॅम गुळामागे साडेआठ ग्रॅम आणखी मोजा. गूळ सेंद्रिय आहे म्हणून आकडा बदलत नाही.

पायरी ४: तूट उरलीच, तर कोणतं अमिनो

अत्यावश्यक अमिनो ॲसिडं नऊ: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, लायसिन, मिथिओनिन, फेनिलॲलानिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, हिस्टिडिन. पहिली तीन म्हणजे बीसीएए. नवख्यांनी बीसीएए घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ल्युसिन स्नायूंना 'बांधकाम सुरू करा' असा इशारा देतं हे खरं, पण विटा नऊही प्रकारच्या लागतात. बाकीच्या सहा जेवणातून आल्या नाहीत तर शरीर त्या आपल्याच स्नायूंतून काढतं. आणि जेवणातून पुरेशा येत असतील तर ल्युसिनही त्याच जेवणातून आलेलं असतं: व्हेच्या २४ ग्रॅम प्रथिनांत अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसिन असतंच.

ईएए, म्हणजे नऊही असलेली पावडर, पुढच्या तीन प्रसंगी कामाची ठरते: दूध-व्हे अजिबात पचत नाही आणि अंडीही खात नाही असा माणूस, वय साठीच्या पुढचं, भूक मंदावलेली आणि एका वेळी पुरेसं जेवण जात नाही अशी परिस्थिती, किंवा पहाटे रिकाम्या पोटी व्यायाम आणि त्यानंतर दोन-तीन तास खायला न मिळणारी नोकरी. मात्रा ५ ते १० ग्रॅम, दिवसातून एकदा. त्यातलं ल्युसिन अडीच-तीन ग्रॅम असावं.

सुट्या अमिनोंचा बाजार वेगळा आहे. गोड खाण्याची ओढ कमी व्हावी म्हणून ग्लुटामिन, सकाळी तरतरी यावी म्हणून टायरोसिन, रात्री गोडाची तल्लफ आणि झोप यासाठी ५-एचटीपी असे सल्ले सर्रास दिले जातात. गोडाच्या ओढीवर यांचा ठोस पुरावा नाही. ती ओढ दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांची आपोआप मंदावते, आणि तोवर दर जेवणात २५-३० ग्रॅम प्रथिनं असणं जास्त कामाला येतं. तरी ग्लुटामिन करून बघायचंच असेल तर ५ ग्रॅम, लिव्हर आणि किडनी ठणठणीत असतील तरच, आणि दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर बंद. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, नाहीतर फायदा कशाचा आणि जुलाब कशाचे हे कधीच कळणार नाही.

क्रिएटिन हे प्रथिनांतलं अमिनो ॲसिड नाही, पण त्याच कपाटात असतं. रोज ३ ते ५ ग्रॅम मोनोहायड्रेट ताकदीच्या व्यायामाला खरंच मदत करतं. ते घेत असताना रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीला जाताना डॉक्टरांना सांगा.

पायरी ५: डबा वाचायला शिका

दुकानात उभं राहून पाच मिनिटं लेबल वाचणाऱ्याला कुणी नावं ठेवत असेल तर ठेवू द्या.

आधी एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक बघा आणि सरकारच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर तो टाकून बघा. कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. मग हिरवी खूण. शाकाहारी आणि जैन वाचकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण काही अमिनो ॲसिडं पक्ष्यांची पिसं आणि केस यांच्या केराटिनपासून काढली जातात. 'फर्मेंटेड' किंवा 'व्हेगन' लिहिलेली वनस्पतीजन्य साखरेवर जिवाणू वाढवून बनवलेली असतात.

मग सर्व्हिंगचा आकडा. स्कूप १० ग्रॅमचा आणि आत अमिनो ७ ग्रॅम, असं असेल तर उरलेले ३ ग्रॅम कशाचे? सायट्रिक ॲसिड आणि चव असेल तर ठीक. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असेल तर ती सरळ साखरेसारखी चढणारी कर्बोदकं आहेत. 'झिरो कॅलरी' या शब्दावरही विसंबू नका. अमिनो ॲसिडलाही ग्रॅममागे साधारण ४ कॅलरी असतात, आणि ल्युसिनमुळे इन्सुलिन थोडं वाढतं. उपवासाच्या तासांत ईएए पाणी प्यायलं तर उपवास मोडला असंच धरा.

'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून एकच बेरीज छापली असेल तर डबा परत ठेवा. नऊही अमिनोंचे मिलिग्रॅम वेगवेगळे दिसले पाहिजेत. व्हे घेताना उलट फसवणूक होते. प्रथिनांची तपासणी नायट्रोजन मोजून होते, म्हणून ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो मिसळून आकडा फुगवता येतो. २४ ग्रॅम प्रथिनं लिहिलेल्या व्हेमध्ये ल्युसिन दोन ग्रॅमच्या खूप खाली असेल, किंवा अमिनोंचा तक्ताच नसेल, तर संशय घ्या.

कॅप्सूलची गंमत आकड्यांत कळते: ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल असेल तर १० ग्रॅमसाठी २० कॅप्सूल गिळाव्या लागतात. किंमत पडताळताना डब्याची किंमत भागिले डब्यातले एकूण अमिनोचे ग्रॅम असा हिशोब करा, स्कूपांची संख्या मोजू नका.

प्लास्टिकच्या पिशवीत सुटी मिळणारी पावडर कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी घेऊ नका. शुद्धता हा इथे कागदी मुद्दा नाही. १९८९ साली अमेरिकेत एका उत्पादकाच्या ट्रिप्टोफॅनच्या दूषित मालामुळे दीड हजारांहून अधिक लोक स्नायूंच्या गंभीर आजाराने आजारी पडले आणि काहींचा जीव गेला. बॅच क्रमांक असलेलं बिल जपून ठेवा. तालमीतल्या, स्पर्धा खेळणाऱ्या पैलवानांनी तर बॅचनिहाय उत्तेजक-चाचणी केलेलाच माल घ्यावा. शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर ते डब्यातून आलं हे सांगून सुटका होत नाही. दोन वेळ मेहनत करणाऱ्या पैलवानाने मुळात कीटोवर जाऊच नये. कुस्तीचा झटका ग्लायकोजेनवर चालतो, आणि ती उणीव कोणतंही अमिनो भरून काढत नाही.

पायरी ६: घेण्याची पद्धत

पहिले चार दिवस अर्धी मात्रा, म्हणजे ५ ग्रॅमची मात्रा असेल तर अडीच ग्रॅम. स्कूप भरभरून घेतला की वजन बरंच हलतं, म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरा. ३०० ते ४०० मिली गार पाणी आधी शेकरमध्ये घ्या, पावडर नंतर. उलट केलं तर तळाला गोळा बसतो. ल्युसिन पाण्यात नीट मिसळत नाही, वर फेसासारखं तरंगतं. दोन मिनिटं थांबून पुन्हा हलवा. बिनचवीची पावडर कडू लागते, लिंबू आणि चिमूटभर मीठ पुरेसं होतं. व्यायामाच्या अर्धा तास आधी किंवा व्यायाम चालू असताना घोट घोट घ्या. भरपेट मटणाच्या जेवणाबरोबर घेतली तर पैसे वाया, कारण त्या ताटात तिच्या कितीतरी पट अमिनो असतात.

जून ते सप्टेंबर इथल्या हवेत ही पावडर भराभर ओल धरते. मूळ डब्यातच, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा, ओला चमचा घालू नका. फ्रिजमध्ये ठेवू नका: बाहेर काढून झाकण उघडलं की दमट हवेतलं पाणी आत जमतं आणि आठवड्यात दगड होतो. फोडता येणारा सैल गोळा चालतो. रंग बदललेला किंवा कुबट वास येणारा डबा टाकून द्या.

काय बिघडतं

जुलाब आणि पोटात गुडगुड, हे सगळ्यात आधी. सुटी अमिनो आतड्यात पाणी ओढून घेतात. मात्रा निम्मी करा, पाणी वाढवा, तरी थांबलं नाही तर पावडर सोडा. गोडीसाठी घातलेल्या सुक्रालोजनेही काहींचं पोट बिघडतं, तेव्हा बिनचवीची करून बघा. घामाला अमोनियासारखा वास येत असेल तर प्रथिनं गरजेपेक्षा जास्त आणि पाणी कमी झालेलं असू शकतं. साखर मोजणाऱ्यांना अमिनो घेतल्यावर आकडा थोडा हललेला दिसेल, कारण काही अमिनोंपासून लिव्हर ग्लुकोज बनवतं. घेण्याआधी आणि नंतर एक तासाने असं तीन वेळा मोजून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

अंगावर सूज, लघवीला सतत फेस, छातीत धडधड, पुरळ किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला की त्याच दिवशी बंद करून दवाखान्यात जा, आणि डबा सोबत न्या. लेबल बघितल्याशिवाय डॉक्टरला काही कळायला मार्ग नसतो.

आठ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि युरिक ॲसिड पुन्हा तपासा. कमरेचं माप, किती दंड-बैठका निघतात आणि किती वजन उचललं जातं हे सुरुवातीला लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. पहिला डबा संपला की दुसरा आणण्याआधी दोन आठवडे नुसत्या ताटावर काढा. आकडे तसेच राहिले, तर दुसरा डबा आणू नका.